मागणी कोणी घालायची

कॉलेजात त्यांना सगळे म्हणूनबाई म्हणत. फळ्यावर सिद्धता मांडताना प्रत्येक ओळीआधी त्या ठासून 'म्हणून' म्हणायच्या आणि त्याच क्षणी खडू फळ्यावर टेकवायच्या. तास संपला की समीकरणांच्या मधेमधे पांढऱ्या ठिपक्यांची रांग उरायची. पुढच्या तासाचे मास्तर ती पुसताना कुरकुर करत.

विषय शुद्ध गणित. "शुद्ध म्हणजे ज्याची बाजारात पै किंमत नाही ते," असं त्यांचा थोरला भाऊ चिडवायचा. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याची बायको लवकर गेली, बाईंनी लग्न केलं नाही, आणि दादाची एकुलती एक मुलगी या दोन घरांच्या मधल्या गल्लीत ये-जा करत मोठी झाली. शाळेचा डबा दादाकडून आणि गृहपाठ आत्याकडून. गणित मात्र तिला काही केल्या आवडलं नाही. ती नर्सिंगला गेली.

बाई दरवर्षी एक प्रमेय फार जीव लावून शिकवायच्या. दोन गट आहेत, समजा मुलं आणि मुली. प्रत्येकानं समोरच्या गटातल्या सगळ्यांची नावं आपल्या आवडीच्या क्रमानं लिहून दिली आहेत. आता अशा जोड्या लावायच्या की आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावं असं कुठल्याच दोघांना वाटू नये. "म्हणजे नंतर कोणी पळून जायला नको," असं बाई म्हणायच्या आणि वर्ग हसायचा. अशी वाटणी स्थिर. ती करायची रीत सोपी. एका गटानं मागणी घालायची. समोरच्यानं आलेल्यांतला सर्वांत बरा हाताशी धरून ठेवायचा, बाकीच्यांना नाही म्हणायचं. ज्याला नकार मिळाला त्यानं यादीतल्या पुढच्या दारी जायचं. हे फिरणं कधीतरी थांबतंच, आणि थांबलं की वाटणी स्थिर असते.

पण खरी गंमत पुढेच होती. स्थिर वाटण्या एकाहून जास्त असू शकतात. आणि जो गट मागणी घालतो, त्यातल्या प्रत्येकाला कुठल्याही स्थिर वाटणीत मिळू शकेल तेवढं चांगलं मिळतं. जो गट मागणीची वाट बघत बसतो, त्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला स्थिर वाटण्यांतलं सर्वांत वाईट येतं. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध देत नाही, ते इथं सिद्ध होतं," बाई म्हणायच्या. मग हात झटकून पुढे, "पण गणित कोणाची बाजू घेत नाही. बाजू आपण निवडतो."

एके वर्षी नर्सिंगच्या प्रशिक्षण कार्यालयातून साहेब स्वतः कॉलेजात आले. शिक्षण संपलं की प्रत्येक नर्सला कार्यालय देईल त्या रुग्णालयात दोन वर्षं काम करावं लागे, आणि त्या नेमणुकांमध्ये वशिल्याचा नुसता सुळसुळाट झाला होता. "कोणाचा काका, कोणाचा मामा. माझ्या टेबलावर फाइली कमी आणि चिठ्ठ्या जास्त," साहेब म्हणाले. "एखादी यंत्रानं करायची पद्धत सांगा. मुली आपली पसंती लिहितील, रुग्णालयं मुलाखती घेऊन त्यांची लिहितील. पुढचं तुम्ही बघा."

बाईंना आकाश ठेंगणं झालं. इतकी वर्षं फळ्यावर पुसलं जाणारं प्रमेय पहिल्यांदाच दाराबाहेर निघालं होतं. संगणक विभागातले सहकारी, ज्यांना सगळे लूपवाले म्हणत, त्यांनी चहा निवायच्या आत प्रोग्रॅम लिहिला. "तुमच्या प्रमेयाची सिद्धता हाच माझा प्रोग्रॅम हो," ते म्हणाले. "तुम्ही 'म्हणून' म्हणता तिथं मी 'पुन्हा' म्हणतो, एवढाच फरक."

याद्या आल्या तेव्हा त्यांत नावं नव्हती, नुसते क्रमांक. दुपारी प्रयोगशाळेत लूपवाल्यांनी प्रोग्रॅम दोन्ही तऱ्हांनी चालवला. एकदा रुग्णालयांनी मागणी घालायची, एकदा मुलींनी. निकाल पडद्यावर शेजारीशेजारी आले. बऱ्याचशा ओळी दोन्हीकडे सारख्या होत्या, काही वेगळ्या. बाई बोट फिरवत खाली येत होत्या. एका ओळीवर बोट थांबलं.

क्रमांक ४१७१४. उलटा वाचला तरी तोच. भाचीला तो मिळाला तेव्हा ती धावत सांगायला आली होती, "आत्या, बघ, शेवटी एक गणित माझ्या वाट्याला आलंच!"

रुग्णालयांनी आधी मागितलं तर ४१७१४ डोंगरावरच्या रुग्णालयात जात होती. मुलींनी आधी मागितलं तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, म्हणजे घराजवळ. तेच तिनं पहिलं लिहिलं होतं. कारण बाईंना ठाऊक होतं. दादाच्या हातांना कंप सुटला होता. बारीक स्क्रू चिमट्यातून पडायला लागले तसं त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार, हळूहळू पण नक्की.

"मग उद्या बैठकीत सांगणार ना, मुलींनी आधी मागायचं म्हणून?" लूपवाल्यांनी विचारलं. आठवडाभर बाई तेच बोलत होत्या.

"बघू," बाई म्हणाल्या.

बैठकीला साहेब, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि दोन-तीन मेट्रन होत्या. लांब टेबल, मधोमध पाण्याच्या बाटल्या. रुग्णालयांचं म्हणणं साधं होतं: जागा आमच्या, तर आधी आम्ही बोलावणार. साहेबांना एक शंका होती. "बाई, मुलींना आधी विचारलं तर डोंगरावर कोण जाईल? ते रुग्णालय रिकामं राहील."

बाईंना याचं उत्तर पाठ होतं. राहणार नाही. कुठल्याही स्थिर वाटणीत प्रत्येक रुग्णालयाच्या तेवढ्याच जागा भरतात. कोण जाणार हे बदलतं, किती जाणार हे नाही. हेही प्रमेयच होतं, आणि सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो क्रमांक होता. उद्या कोणीतरी यादी उघडेल, आणि म्हणेल, बाईंनी पद्धत वळवली ती भाचीसाठी. वशिला मोडायला बोलावलेली बाई स्वतःच वशिल्याची निघाली. साऱ्या नोकरीत कोणी बोट दाखवावं असं त्यांच्या हातून काही घडलं नव्हतं.

"गणिताच्या दृष्टीनं," बाई म्हणाल्या, "दोन्ही वाटण्या स्थिर आहेत."

"म्हणजे कशीही केली तरी चालेल?"

"चूक म्हणता येणार नाही."

लूपवाल्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. रुग्णालयांनी आधी मागायचं असं ठरलं, आणि सगळे चहाला उठले.

भाची डोंगरावर गेली. बसनं जायला सबंध दिवस लागे. निघताना तिनं रडू आवरलं आणि वर मैत्रिणींनाच ऐकवलं, "नशिबात होतं ते मिळालं. पण वशिला कोणाचाच लागला नाही ना? माझ्या आत्याची पद्धत आहे ती." बाई तिची बॅग उचलायला खाली वाकल्या त्या बराच वेळ पट्ट्याशीच खुडबुडत राहिल्या.

दादाला त्यांनी आपल्या घरी आणलं. त्याच्या शर्टाची बटणं लावायची, चहाचा कप अर्धाच भरायचा, पायाखालचं पायपुसणं सारखं सरळ करायचं. एकदा तर त्यांनी त्याच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला.

"अगं, मी काय तान्हं बाळ आहे?" दादा हसला. मग म्हणाला, "छोटे, तू होतीस म्हणून. नाहीतर माझे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. दादा आभार मानायचा तेव्हा त्यांना ते अंगावर चटका बसल्यासारखं वाटे. त्यानं एकदा रागावून बोलावं, असं त्यांना वाटायचं. पण रागवायला त्याला कारण कुठं माहीत होतं?

त्या वर्षी त्यांनी ते प्रमेय शिकवलंच नाही. एका मुलीनं विचारलं तेव्हा "परीक्षेला नाही," म्हणून त्या पुढे गेल्या. वर्गाला आश्चर्य वाटलं. परीक्षेला नाही म्हणून काही सोडावं, हे बाईंच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पुढे भाची सुटीवर आली. चेहरा रापलेला, हात खरबरीत, पण बोलणं तेच, सुटलेल्या रिळासारखं. दादा आतल्या खोलीत पडला होता. ती आत्याबरोबर टेबलापाशी भाजी निवडत बसली.

"आत्या, एक गंमत सांगू? तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी घोळ आहे. आमच्या रुग्णालयात एक बाई गुडघ्यासाठी येते. तिची मुलगी नर्स आहे, आमच्याच बॅचची. ती उंच, वेणी घालणारी, आठवते? तिचं घर रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिनं पहिली पसंती डोंगराचीच दिली होती, आणि तिला मिळालं शहर! म्हणजे ती शहरात बसून डोंगरासाठी झुरते, मी डोंगरावर बसून शहरासाठी. सरळ अदलाबदल केली असती तर? एवढं साधं कॉम्प्युटरला कळू नये?"

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. 'तपासून बघते' म्हणता आलं असतं. त्या तसं म्हणणारही होत्या.

"घोळ नाही," त्या म्हणाल्या. "मुलाखतीत शहराच्या मेट्रनला ती मुलगी तुझ्यापेक्षा जास्त आवडली होती. डोंगरावरच्यांना तू जास्त आवडलीस. रुग्णालयांनी आधी मागितलं, म्हणून त्यांना हवं ते मिळालं. तुम्ही आधी मागितलं असतं तर तुम्हाला मिळालं असतं. दोन्ही स्थिर."

"मग आम्हाला का नाही मागू दिलं?"

"मी बोलायला हवं होतं. बोलले नाही."

"का?"

"याद्यांत तुझा क्रमांक दिसला."

भाचीनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"म्हणजे माझा क्रमांक दिसला नसता, तर तू बोलली असतीस."

"हो."

"म्हणजे मी तुझी भाची नसते, तर मला बाबांजवळ राहता आलं असतं."

बाईंनी मान डोलावली.

"आणि ती मुलगी? ती तर तुझी कोणीच नाही. तिला कशाची शिक्षा?" भाचीचा आवाज चढला. "तिथं एवढंच म्हणायचं होतंस, माझी भाची यात आहे, मी सांगते ते तपासून घ्या. लहानपणी माझ्या डोक्यावर काय घण घालायचीस? सिद्धता कोणी सांगितली यावर ती खरी-खोटी ठरत नाही. घालायचीस ना? मग तुझ्याच तोंडून आल्यावर ती खोटी ठरणार होती का?"

"लोक काय म्हणतील असं वाटलं."

"मला वाटलं होतं, लोक काय म्हणतील ते आमच्यासारख्यांना वाटतं. तुम्ही गणितवाले वेगळे असता."

आतल्या खोलीत खाटेचा आवाज झाला. दादा जागा होता. संध्याकाळी फिरायला निघताना बाई नेहमीप्रमाणे त्याच्या शर्टाकडे वळल्या, तेव्हा त्यानं त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतः बटणं लावायला घेतली. बोटं घसरत होती, काजात बटण शिरत नव्हतं. बाई समोर उभ्या राहिल्या. शेवटचं बटण लागेपर्यंत त्यांना ना मदत करता आली, ना तिथून जाता आलं.

त्यानंतर बाईंनी आधी अदलाबदलीचा प्रयत्न केला. शहरातल्या मेट्रननी त्यांना बसवून घेतलं, पण ऐकलं नाही. "बाई, मला हीच मुलगी हवी होती आणि मिळाली. मी का सोडू?" डोंगरावरच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "तुमची भाची सोन्यासारखी मुलगी आहे हो. तिच्या बदल्यात दुसरी कोणीही नको." दोन्हीकडून कौतुकच ऐकायला मिळालं. फोन ठेवल्यावर बाई बसून राहिल्या. स्थिर म्हणजे काय, ते त्या मुलांना हसत हसत शिकवत आल्या होत्या. ज्यांचं भलं झालंय ते हलायला तयार नसतात, आणि ज्यांना हलायचंय त्यांना कोणी घेत नाही.

मग त्या लूपवाल्यांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तेव्हाच विचारलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनीच मान खाली घातली. "पण बोललो तर मीही नाही. वाटलं, बाई गप्प आहेत म्हणजे त्यामागे काहीतरी गणित असेल."

पुढच्या बॅचच्या बैठकीत बाई उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य त्या भाचीबद्दलच बोलल्या, आणि दुसरं त्या क्रमांकाबद्दल. टेबलाभोवती खुर्च्या करकरल्या. मग त्यांनी सांगितलं की मागच्या वेळी साहेबांच्या शंकेचं उत्तर माहीत असून त्यांनी दिलं नव्हतं.

"मग आता आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?" एका व्यवस्थापकानं विचारलं.

"ठेवू नका. तपासा."

लूपवाल्यांनी मागच्याच याद्या दोन्ही तऱ्हांनी चालवून दाखवल्या. डोंगरावरच्या जागा दोन्हीकडे तितक्याच भरत होत्या. ज्या मुलींची नेमणूक बदलत होती, त्यांतल्या एकूण एक मुलीला मागच्या वर्षी तिच्या पसंतीत खालची जागा मिळाली होती. एकीलाही वरची नाही. साहेब पडद्याकडे पाहत राहिले. "हे त्या दिवशी सांगायला तोंड दुखत होतं का तुमचं?" ते म्हणाले.

त्या बॅचपासून मुलींनी आधी मागायचं ठरलं. ज्याची भीती होती ते बोलणं शेवटी कानावर आलंच: "भाचीचं जमलं नाही, म्हणून आता गळा काढतेय." कॉलेजच्या जिन्यात ते ऐकून बाई थबकल्या. एवढ्याशा वाक्यासाठी आपण काय करून बसलो, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्या कठडा धरून खाली उतरल्या.

दादाला औषधासाठी शहराच्या रुग्णालयात न्यावं लागे. एकदा रक्तदाब बघायला उंच, वेणी घातलेली एक नर्स आली. बाईंनी तिला ओळखलं. दादाच्या दंडाला पट्टा गुंडाळत असतानाच त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं, घाईघाईनं, जमेल तेवढं सोपं करून.

मुलीनं आकडा पाहिला, लिहून घेतला, पट्टा सोडवला. तिनं ना आवाज चढवला, ना डोळ्यांत पाणी आणलं.

"तुम्ही माझ्या आईला फोन कराल?" तिनं विचारलं. "तिला वाटतं, मीच शहर मागितलं. मी सांगते तर म्हणते, यंत्र कशाला खोटं बोलेल? घरी गेले की माझ्याशी धड बोलत नाही."

बाईंनी तिथल्याच बाकावर बसून फोन लावला. पलीकडच्या आवाजाला स्थिर-अस्थिर काही कळेना. दोनदा समजावून झाल्यावर मुलीच्या आईनं बाईंना मधेच थांबवलं.

"तेवढं राहू द्या. तिनं आमच्या इथलं नाव पहिलं लिहिलं होतं का?"

"हो. पहिलंच."

पलीकडून आवाज आला, "आणि मी तिला काय काय बोलले." आणि मग, कडक होऊन, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

फोन ठेवला गेला. दादानं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "चल छोटे, घरी जाऊ," आणि उठताना आधारासाठी त्यानं बाईंचा खांदा धरला. बऱ्याच दिवसांनी धरला होता.

दोन वर्षं पुरी करून भाची परत आली आणि शहरातच कामाला लागली. आत्याशी ती बोलते, औषधांचं, भाजीचं, वीजबिलाचं बोलते. ती डोंगरावर गेली तेव्हा दादाचा आवाज अख्ख्या घरात ऐकू यायचा. आता तो इतका बारीक झाला आहे की त्याच्या ओठांशी कान न्यावा लागतो. संध्याकाळी ती त्याच्या खाटेवर बसून तसा कान नेते, ऐकते, आणि हसते. बाई शेजारच्या खोलीत पेपर तपासत असतात. तो काय म्हणाला, ते त्या विचारत नाहीत.